शर्यतीकडे पाठ करून

मोटरसायकलच्या शर्यतीकडे पाठ करून बसणारा प्रेक्षक मी आयुष्यात एकच पाहिला. नाव शालनताई, काम गणपतीचे डोळे रेखण्याचं, मुक्काम पेण. शर्यतीचे शौकीन मी पुष्कळ पाहिलेत. आवडत्या स्वाराच्या नंबराची टोपी घालून टीव्हीसमोर बसणारे, कोण कुठली कंपनी सोडून कुठे गेला यावर चहा थंड करणारे. मी स्वतः त्यांतलाच. पण शर्यतीचं समालोचन करणाऱ्या माणसांबद्दल इतकी ठाम मतं असलेली, आणि ती मतं सगळ्या कारखान्याला मानायला लावणारी बाई मला दुसरी भेटली नाही. भेटली तरी मी तिला शालनताईंच्या वर नंबर देणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी मूळचा रोह्याचा. पेणच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो तेव्हा शालनताईंच्या कारखान्यामागची खोली भाड्यानं घेतली. पेणमध्ये कारखाना म्हटलं की कुणी धुरांडं शोधत नाही. कारखाना म्हणजे गणपतीचा. शनिवारी शाळा सुटली की मी रोह्याला घरी जायचो आणि रविवारी जेवून उठलो की लगेच परत निघायचो. आई म्हणायची, "शाळा सोमवारी, मग आताच कशाला पळतोस?" शर्यत संध्याकाळी असते आणि ती पेणलाच ऐकायची असते, हे आईला समजावणं मला कधी जमलं नाही.

त्याचं कारण पहिल्या रविवारी घडलेली गोष्ट. खोलीवर सामान लावत होतो आणि शेडमधून इंजिनांचा तो ओळखीचा आवाज आला. मी तसाच आत गेलो. ओळीनं पांढरे, अर्धे रंगलेले गणपती, त्यांच्यामध्ये माना घालून बसलेले कारागीर, आणि टोकाच्या कपाटावर मोठ्यानं चाललेला टीव्ही. त्याच्याकडे एकही माणूस बघत नव्हता. मधोमध एक उंच, किरकोळ बाई टीव्हीकडे पाठ करून स्टुलावर बसल्या होत्या. चष्म्याला दोरी, हातात बारीक ब्रश. मला वाटलं, टीव्ही उगाच चालू राहिलाय. मी आवाज कमी करायला रिमोट उचलला.

"मास्तर, हात नका लावू," बाई मागे न बघता म्हणाल्या.

"तुम्ही बघताय?"

"बघायला मला दोनच डोळे हायत, ते इथं लागतात. आम्ही ऐकतो. बसा तुम्ही. निळा तिसरा हाय, पण आता पुढं जाईल. हेडमास्तरांचा आवाज बदललाय."

मी पडद्याकडे बघितलं. निळा तिसरा होता. थोड्या वेळानं तो पहिला झाला. मी एका रिकाम्या पाटावर बसलो, आणि पुढची कितीतरी वर्षं माझे रविवार त्याच पाटावर गेले.

हेडमास्तर म्हणजे इंग्रजी समालोचकांतले वयस्क गृहस्थ. शालनताईंनी कुठल्याच समालोचकाचं खरं नाव लक्षात ठेवलं नव्हतं. त्या आवाजांना नावं ठेवायच्या, दोन्ही अर्थांनी. हेडमास्तर सावकाश बोलायचे आणि काहीतरी होणार असं दिसलं की आवाज चढवण्याऐवजी खाली आणायचे. त्यांच्या जोडीला तडतड्या असायचा. लाह्या फुटाव्यात तसा तो बोलायचा, आणि पहिल्या फेरीला जो आवाज लावायचा तोच शेवटच्या फेरीला. "ह्याला सारखाच सण," असं त्या म्हणायच्या.

शर्यत कारखान्यात आली ती अपघातानं. आधी रेडिओ असायचा. पण गाण्यावर हात नाचतो आणि रेघ लाटेसारखी जाते, म्हणून तो बंद झाला. मग टीव्ही आला, त्यावर मालिका लागल्या, त्यात रडारड सुरू झाली की बायका माना वर करून बघायच्या. क्रिकेटात तर दर चेंडूला अख्खी शेड वर बघायची. एका रविवारी रिमोटचे सेल गेले आणि टीव्ही शर्यतीच्या चॅनेलवर अडकून राहिला. सेल आणायला कुणी गेलं नाही, आणि संध्याकाळी शालनताईंच्या लक्षात आलं की आज काम बरंच जास्त झालंय. शर्यत एका सुरात चालते, मध्ये थांबत नाही, आणि नीट सांगणारा असला तर बघावीही लागत नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी सेल आणवले आणि रविवारचं चॅनेल ठरवून टाकलं.

तिथून त्यांची परीक्षा सुरू झाली. समालोचक चांगला की वाईट हे ठरवायची त्यांची एकच कसोटी होती: काम करणाऱ्याची मान वर जाता कामा नये. मान वर गेली याचा अर्थ बोलणाऱ्यानं काहीतरी सांगायचं ठेवलं, किंवा नको तिथं ओरडला. "माझी मान वर गेली तर त्यानं पगार कशाचा घेतला?" असं त्या अगदी गंभीरपणे विचारायच्या. माझ्यासारख्या माणसानं समालोचकाबद्दल बोलताना माहिती किती, विनोद किती, पक्षपात किती असले मुद्दे काढावेत, आणि त्यांनी ब्रश पाण्यात बुडवत एका वाक्यात विषय संपवावा, हे नेहमीचं झालं.

त्यांना इंग्रजी शाळेपुरतं येत होतं. मी एकदा विचारलं, "ताई, सगळं कळतं का हो तुम्हाला?"

"मास्तर, गणेशोत्सव मंडळाची मीटिंग मराठीत असते. त्यात काय कळतं?" त्या म्हणाल्या. "नावं कळतात, नंबर कळतात, आवाज कळतो. बाकी दीप्ती सांगते."

दीप्ती त्यांची एकुलती एक मुलगी. तिच्याबद्दल सांगायचंच आहे, पण आधी विष्णूबद्दल सांगतो, कारण कारखान्यात विरोधी पक्ष तोच होता.

विष्णू गनवाला, म्हणजे मूर्तींना स्प्रेनं रंग मारणारा. त्याला तडतड्या आवडायचा. "वरडल्याबिगर शर्यत वाटत नाय, ताई," हे त्याचं म्हणणं. शालनताई म्हणायच्या, "तुझा कंप्रेसर चालू असतो. तुला तेवढा एकच ऐकू येतो, म्हणून तो चांगला." यावर विष्णू कंप्रेसर बंद करून वाद घालायचा आणि मग कामाला उशीर झाला म्हणून ताईंचे यजमान बाळाशेठ दारातून ओरडायचे. बाळाशेठ साचे, गिऱ्हाईक आणि टेम्पो सांभाळायचे. शर्यतीबद्दल त्यांचं मत एवढंच होतं की वीजबिल येतं.

शालनताईंचं खरं प्रेम मात्र या वर बसून बोलणाऱ्यांवर नव्हतं. शर्यतीच्या रस्त्याला लागून गाड्या आणि मेकॅनिक लोकांची जागा असते, पिट लेन म्हणतात तिला. शालनताई तिला गल्ली म्हणायच्या. त्या गल्लीत माईक घेऊन फिरणारी एक बातमीदार होती, ती त्यांची लाडकी. तिच्या आधी एक गृहस्थ होते, ते पडून लंगडत आलेल्या स्वाराला गाठून विचारायचे की आता कसं वाटतंय. "बरं वाटतंय म्हणेल व्हय तो?" शालनताईंना त्याचा मनापासून राग यायचा. ही मुलगी तसलं विचारायची नाही. एकदा पुढे चाललेल्या एका स्वाराची गाडी बिघडून गल्लीत आली. वर बसलेले दोघं तो परत शर्यतीत येईल का यावर चर्चा करत होते. ती मध्येच एवढंच म्हणाली की मेकॅनिकांनी हातमोजे काढून खिशात घातले आहेत. शर्यत संपली त्याची. शालनताईंनी ब्रश खाली ठेवला, जे त्या शर्यत चालू असताना कधीच करायच्या नाहीत.

"बघितलंत? हातमोजे," त्या म्हणाल्या. "हिला डोळे हायत."

डोळ्यांबद्दल पेणमध्ये शालनताईंनी शब्द काढला की त्याला वजन होतं. पेण, हमरापूर, जोहे, सगळीकडे मूर्ती होतात, रंगवणारे हात शेकड्यांनी आहेत, पण आखणी, म्हणजे डोळे रेखणं, सगळ्यांना जमत नाही. वरच्या पापणीची रेघ एका श्वासात ओढावी लागते. मध्ये श्वास घेतला की रेघ तुटते, आणि तुटलेली रेघ जोडली तरी बघणाऱ्याला देव झोपेतून उठल्यासारखा दिसतो. मोसमात शालनताई उजव्या हातानं पाण्याचा तांब्याही उचलायच्या नाहीत. चहा डाव्या हातानं. बाळाशेठच्या स्कूटरवर मागे बसल्या की डाव्या हातानं धरायच्या आणि पेणपासून वडखळपर्यंत "हळू चालवा" हे एकच समालोचन चालायचं. शर्यतीतला स्वार गुडघा जमिनीला टेकवून वळला की मान डोलावणारी हीच बाई, याचं मला कायम हसू यायचं.

तडतड्या कारखान्यातून कायमचा गेला त्याची गोष्ट पेणमध्ये अजून सांगतात. गणपती जवळ आले होते आणि शालनताई कोलाडच्या एका मंडळाच्या मोठ्या मूर्तीचा डावा डोळा करत होत्या. शेवटची फेरी. तडतड्या एकदम किंचाळला की पडला, पडला. खरं तर कुणी पडलंच नव्हतं. गाडी नुसती डगमगली होती. पण शालनताईंचा हात हलला आणि काळी रेघ डोळ्यातून थेट कानापर्यंत गेली. विष्णूनं कंप्रेसर बंद केला. गिऱ्हाईक बाहेर टेम्पो घेऊन उभं होतं आणि बाळाशेठ त्याला चहावर चहा पाजत होते.

शालनताईंनी रेघ पुसली, अंगाचा रंग लावला, तो वाळेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसल्या. मग पुन्हा रेघ ओढली आणि डोळा पहिल्यापेक्षा चांगला उतरला. मूर्ती गेल्यावर त्या रिमोट घेऊन उठल्या आणि भाषा बदलून हिंदी समालोचन लावलं. त्यापायी हेडमास्तर आणि गल्लीतली मुलगीही गेली, पण इलाज नव्हता.

"हा माणूस आपल्या कारखान्यात नाय चालणार," त्यांनी जाहीर केलं. "न पडलेल्याला पाडतो."

विष्णूनं दोन रविवार तोंड फुगवलं. नंतर तोही हिंदीला सरावला.

या सगळ्यात दीप्ती मोठी झाली. लहानपणी ती आईला इंग्रजी शब्दांचे अर्थ सांगायची, कॉलेजात गेल्यावर कबड्डीच्या सामन्यांत माईक धरायला लागली. आमच्याकडे कबड्डीच्या सामन्याला खेळाडूंइतकाच मान समालोचकाला असतो आणि तिथे बाईमाणसाचा आवाज ऐकायची सवय नव्हती. दीप्तीनं ती सवय लावली. बीएस्सी झाल्यावर ती धाटावला एका कंपनीत लॅबमध्ये लागली, शिफ्टची नोकरी. पण तिचं लक्ष माईकवरच होतं, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं आणि बाळाशेठना सोडून कुणाला त्याचं वाईट वाटत नव्हतं.

कोलाडजवळ काही तरुणांनी भात कापून झाल्यावर मोकळ्या शेतात मातीचा ट्रॅक करून मोटरसायकलींची शर्यत भरवली. निवेदकाचा घसा आदल्या दिवशीच्या कबड्डीत बसलेला होता, म्हणून माईक दीप्तीकडे आला. आम्ही सगळे गेलो होतो. शालनताईंना पहिल्या रांगेत खुर्ची दिली. त्यांनी ती उचलली, उलटी फिरवली आणि ट्रॅककडे पाठ करून हायवेकडे तोंड करून बसल्या. आयोजकांपैकी एक जण धावत आला.

"काकी, खुर्ची उलटी लागलीय."

"माझी बरोबर हाय. तुम्ही तुमचं बघा."

लोक हसले. मला त्यांच्या शेजारी तसंच उलटं बसावं लागलं आणि सबंध शर्यतभर मी कोलाडच्या हायवेवरचे ट्रक बघितले. पण खरं सांगतो, पाठीमागे काय चाललंय ते मला दीप्तीच्या तोंडून बरंच दिसलं. शर्यत संपल्यावर ती घामेजलेली, खूश होऊन आली.

"दोनदा मान वळवावी लागली," शालनताई म्हणाल्या.

दीप्तीचा चेहरा उतरला. "कधी?"

"एकदा तू म्हणालीस, हा गेला, तो मागे राहिला. हा कोण, तो कोण? आणि तो पोरगा पडला तेव्हा तू गप्प बसलीस."

"आई, माणूस पडला होता. मला शब्दच सुचेनात."

"तेव्हाच तर बोलायचं असतं गो. त्याची आई इथंच कुठंतरी बसली असेल. तिला कोण सांगणार तो उठला की नाय ते? बाकीच्या वेळी काय, विष्णूपण बोलेल."

परतीच्या वाटेवर मला शालनताईंचा राग आला होता. एवढ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आईनं एक शब्द चांगला बोलायला काय हरकत होती? पण पुढच्या रविवारी दीप्तीनंच कारखान्यात येऊन टीव्हीचा आवाज बंद केला आणि स्वतः कपाटाशेजारी उभी राहून शर्यत सांगायला लागली. मराठीत. मला तेव्हा कळलं की आई-मुलीचं भांडण आपण समजतो ते नव्हतंच.

मग तो पायंडा पडला. सुट्टी असेल त्या रविवारी दीप्ती बोलायची आणि कारखाना काम करायचा. कुणाची मान वर गेली की विष्णू तोंडानं "टण्ण" करायचा. सुरुवातीला विष्णूची नुसती घंटा वाजत होती. हळूहळू ती कमी झाली. मूर्तीवर ब्रश असतानाही आपल्याला सगळं दिसतंय हे कारागिरांना जाणवायला लागलं आणि ते आपसांत म्हणायचे की टीव्हीवाल्यांपेक्षा आमची पोरगी बरी. दीप्तीनं शब्दही आपले आणले. पिट लेनला ती गल्लीच म्हणायची. शालनताई तिला काही म्हणायच्या नाहीत, आणि घंटाही सगळ्यात जास्त त्यांच्याच मानेसाठी वाजायची.

मागच्या वर्षी एका चॅनेलनं मराठी समालोचन करून बघायचं ठरवलं. आवाजाच्या चाचण्या झाल्या, दीप्तीची निवड झाली. एका शर्यतीपुरतं बोलावलं होतं. जमलं तर पुढचा सबंध हंगाम, नाही जमलं तर नमस्कार. सरावासाठी मुंबईला राहायचं होतं आणि कंपनी तेवढी रजा देईना. दीप्तीनं कायम होऊ घातलेली नोकरी सोडली. बाळाशेठ दोन दिवस जेवले नाहीत. म्हणजे घरी जेवले नाहीत, बाहेर वडापाव खाताना मी पाहिलं.

निघताना दीप्तीनं आईला विचारलं, "तिथं सांगतायत, बोलणं जरा पुण्यासारखं ठेव म्हणून. ठेवू का?"

शालनताई तिच्या डब्यात भाकऱ्या बांधत होत्या. "गणपती पुण्याला गेला तरी डोळे मी पेणचेच करते," त्या म्हणाल्या. "हाय-नाय नको म्हणतील तर नको करू. पण तुझ्यासारखी बोल."

ती शर्यत आली नेमकी मोसमात, गणपतीच्या तोंडावरच्या रविवारी. शालनताईंना मुंबईला जाणं शक्य नव्हतं. शेडमध्ये मूर्ती दाटीवाटीनं उभ्या होत्या आणि माझ्या रोह्याच्या आळीच्या मंडळाची मूर्ती त्यांत सगळ्यात मोठी होती. तिचे डोळे राहिले होते. सोमवारी सकाळी ती टेम्पोत चढायची होती. योगायोग असा की मलाही सोमवारी रोह्याला हजर व्हायचं होतं. माझी बदली झाली होती आणि खोली रिकामी करून मी सामान बांधून ठेवलं होतं.

संध्याकाळी शेडमध्ये लग्नघर झालं. शेजारपाजारचे आले, गिऱ्हाइकं थांबली, बाळाशेठनी पांढरा शर्ट घातला. विष्णूनं टीव्ही पुसून घेतला. सगळ्यांच्या खुर्च्या टीव्हीकडे. शालनताईंनी आपलं स्टूल आमच्या मूर्तीसमोर ठेवलं, नेहमीसारखी टीव्हीकडे पाठ, आणि ब्रश ओला केला.

"ताई, आज तरी फिरवा खुर्ची," विष्णू अगदी काकुळतीला आला. "नाय तर आज डोळे तरी नको. मोठी मूर्ती हाय. काय झालं बिलं तर..."

"काय व्हायचंय? तिनं नीट सांगितलं तर काय होत नाय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांनी हे काम मुद्दाम या वेळेला ठेवलंय. दुपारी त्यांनी लहान मूर्ती हातावेगळ्या केल्या, तेव्हाही हे करता आलं असतं. मला भीती वाटली. मूर्तीची वाटली, आळीत काय सांगू याची वाटली, आणि सगळ्यात जास्त दीप्तीची वाटली, जिला तिथे बसून यातलं काहीच माहीत नव्हतं.

सुरुवातीला दीप्तीचा आवाज कापत होता. बाळाशेठ उठून दारात जाऊन उभे राहिले. तिच्या जोडीला एक माजी शर्यतपटू होता, चांगला माहीतगार, पण उत्साही. तो आवाज चढवायचा आणि दीप्ती तो खाली आणायची. तिसऱ्या-चौथ्या फेरीला तिचा आवाज स्थिरावला. मग ती कारखान्यात बोलायची तशी बोलायला लागली. कोण पुढे, कोण किती मागे, कुणाचं मागचं चाक वळणात सरकतंय. "हा" आणि "तो" एकदाही नाही. एका स्वाराची गाडी धूर सोडत पिट लेनला आली. शर्यतपटू म्हणाला, अजून आशा आहे. दीप्ती म्हणाली, "गल्लीत बघा. मेकॅनिकांनी हातमोजे काढलेत."

विष्णूनं दोन्ही हात डोक्याला लावले. "ताई, हातमोजे," तो पुटपुटला. सबंध शेड शालनताईंकडे वळली. त्या उजव्या डोळ्याचं बुबुळ भरत होत्या. ब्रश थांबला नाही.

शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा त्या वरच्या पापणीवर आल्या. त्यांनी श्वास आत घेतला. आणि पहिला चाललेला स्वार वळणावर पडला. शर्यतपटू ओरडला, आमच्या शेडमधले तीस जण ओरडले, मी डोळे मिटून घेतले. त्या गोंगाटात दीप्तीचा आवाज आला, नेहमीपेक्षा खालचा. "पहिला नंबर पडलाय. गाडी लांब गेली, स्वार गवतात आहे. हलतोय. उठून बसला. हात वर केलाय, स्वार बरा आहे. आता पुढे लाल गाडी, मागे निळी, एकच वळण राहिलंय, डावं."

मी डोळे उघडले. पापणीची रेघ संपली होती. नाकापासून निघून कानाकडे जाताना जिथं थांबायची तिथंच थांबली होती. शालनताईंनी श्वास सोडला, चष्मा दोरीवर सोडला आणि ब्रश धुतला. टीव्हीवर लाल गाडी जिंकली. लोक नाचत होते, बाळाशेठ दारात तोंड फिरवून उभे होते, आणि माझा ऊर इतका भरून आला होता की जणू मीच तिला शिकवलं होतं.

थोड्या वेळानं फोन आला. विष्णूनं तो स्पीकरवर टाकला. चॅनेलवाल्यांनी पुढच्या हंगामाचं दीप्तीला तिथल्या तिथं सांगून टाकलं होतं. पण ते तिनं नंतर सांगितलं. आधी विचारलं ते हे:

"आई, किती वेळा मान वर गेली?"

शालनताई डोळ्यात पांढरा ठिपका ठेवत होत्या, शेवटचं काम.

"मला काय माहीत गो," त्या म्हणाल्या. "मी कामात होते."

पलीकडे दीप्ती रडायला लागली, आणि इकडे विष्णूही.

सोमवारी सकाळी मूर्तीच्या तोंडावर रुमाल बांधून ती टेम्पोत चढवली. टेम्पो रस्त्याला लागला आणि त्याच्या मागे मोटरसायकल काढताना मला आठवलं की हेल्मेट शेडमध्येच राहिलंय. मी परत आत गेलो. शेडमध्ये शालनताईंशिवाय कुणी नव्हतं, सगळे दुसऱ्या मूर्ती बाहेर काढत होते. टीव्हीवर कालची शर्यत पुन्हा लागली होती. आणि त्यांनी स्टूल फिरवलं होतं. टीव्हीकडे तोंड करून, चष्मा लावून, रिकामे हात मांडीवर ठेवून त्या बसल्या होत्या. शर्यत सुरू व्हायच्या आधी समालोचकांना क्षणभर पडद्यावर दाखवतात, तेवढाच भाग त्यांनी रिमोटनं थांबवून ठेवला होता. दीप्ती, कानाला हेडफोन, केस नीट बांधलेले.

माझी चाहूल लागली तरी त्या वळल्या नाहीत.

"मास्तर, विष्णूला सांगू नका," त्या म्हणाल्या.

मी नाही सांगणार म्हणालो, हेल्मेट घेतलं, पाया पडलो आणि निघालो. वडखळला टेम्पो चहाला थांबला होता. तिथे टेम्पोवाल्यापासून मी सांगायला सुरुवात केली, ते अजून सांगतोय.